उंबरा नसलेलं घर

९ नोव्हेंबर
आज बारामतीची खोली सोडून निरवांगीला मुलाच्या, सूरजच्या, नव्या घरी राहायला आलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण सूनबाई रोहिणीने ही वही दिली आणि म्हणाली, आबा, सारखी काळजी करत बसण्यापेक्षा लिहीत जा. म्हणून लिहितो. घर बघून हरखून गेलो. चहूकडे डाळिंबाची बाग आणि मधोमध हे दगडाचं, काचेचं ऐसपैस घर. कडुलिंब तोडला नाही, त्याच्याभोवतीच घर बांधलं. तो छपरातून वर गेलाय. काचा सरकवल्या की बैठक आणि बाग एकच. नात निकिता बोट धरून मला सगळीकडे फिरवून आली.

११ नोव्हेंबर
घराचा नकाशा काढणाऱ्या श्रेयामॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की आत आणि बाहेर यांच्यामध्ये मुद्दामच रेघ ठेवलेली नाही. एकच फरशी बैठकीतून निघते, बागेत जाते आणि पुढे मातीत कुठं विरते ते कळत नाही. मी विचारलं, उंबरा कुठं आहे? सगळे हसले. सूरज म्हणाला, "आबा, उंबरा कशाला पायजे? ठेचकाळून पडाल की." मीही हसलो. मग रोज हळदकुंकू कशावर लावायचं, हे विचारायचं राहून गेलं.

१४ नोव्हेंबर
न्हाणीला छप्पर नाही. वर आभाळ आणि पाखरं. चड्डी घालूनच अंगावर पाणी घेतो. माझ्या खोलीला बागेच्या बाजूने नुसती काच. काल बाया डाळिंब तोडत होत्या आणि मी धोतर नेसत होतो. म्हणून आज काचेवर चादर बांधली. सूरजने ती पाहुण्यांदेखत सोडली. आमच्या आबांना अजून सवय न्हाय, म्हणाला. मान वर करवेना.

१७ नोव्हेंबर
कळस गावचा म्हस्कू गेला. माझ्या बरोबरीचा. डावा पाय ओढत चालायचा, तरी बाजार चुकवायचा नाही. मातीला जाऊन आलो. मातीवरून आलं की उंबऱ्याबाहेर थांबायचं, आतल्या माणसाने पायांवर पाणी ओतायचं, चूळ भरायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. मागून जे आलं असेल ते तिथंच थांबतं. पण इथं थांबू कुठं? त्यात बैठकीत घराचे फोटो काढायला माणसं आलेली. त्यांच्यादेखत पाणी मागायची लाज वाटली. तसाच चालत आत आलो आणि पलंगावर बसलो. लिहितानाही कसंतरी होतंय.

१९ नोव्हेंबर
सकाळी फरशीवर राखेची पावलं. बागेतून थेट माझ्या पलंगापर्यंत. डावं पाऊल फरफटलेलं. रोहिणीला वाटलं माझीच. चपला बाहेर काढत जा आबा, एवढंच म्हणाली. मी बरं म्हणालो. ती पुसू लागली तर फडकं हातातून घेतलं आणि मीच पुसली.

२१ नोव्हेंबर
दुपारी निकिता कडुलिंबाखाली एकटीच बोलत होती. विचारलं तर म्हणाली, तुमचे दोस्त आलेत.
"त्यांना बाहेर कुठनं जायचं तेच सापडंना, आबा. मला दाखव म्हणतात."
सूरजला सांगायला गेलो. तो जेवत होता. काय आबा, म्हणाला. मी म्हणालो, भाजी चांगली झालीय.

२२ नोव्हेंबर
बाभळीची फळी आणली. बैठक संपते असं वाटतं तिथं आडवी टाकली. हळदकुंकू लावलं. जिवाला जरा बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर
पावलं फळीपर्यंत येऊन मागं फिरली आहेत. आतल्या बाजूने. तो आत होता आणि मी वाट बंद केली. आता पावलं निकिताच्या पलंगाशी — फळी काढून टाकली. पावलं तिथंच.

२५ नोव्हेंबर
भर दुपार. काचेतून बघितलं. निकिता हात वर धरून बागेकडे चालली होती, मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी. शेजारी कुणी नाही. फरशीवर मात्र तिच्या जोडीने एकेक पाऊल — धोतर ओलं झालं. पोर चाललीय आणि माझ्या मनात काय आलं, तर आधी धोतर बदलू, असं बाहेर कसं जायचं. थू माझ्या जिण्यावर. ती आपली आपण परत आली. म्हणाली, आज न्हाय सापडली वाट. उद्या.

२६ नोव्हेंबर
सूरजला सगळं सांगितलं. पाणी मागितलं नाही तेही. तो हसला नाही. हसला असता तर बरं होतं. इंदापूरला डॉक्टरकडे जाऊ म्हणाला आणि गाडी काढायला गेला. तेवढ्यात —

निकिता पलंगावर नाही. वही तशीच हातात घेऊन पळालो.

सापडली. डाळिंबात. हात घट्ट धरलाय तिचा. गार आहे. लिहिलं नाही तर माझं कुणाला खरं वाटणार नाही — म्हस्कूला म्हणालो, पोरीला सोड, चूक माझी, मी येतो तुझ्याबरोबर. शेजारी चाललेला फरफटण्याचा आवाज थांबला. मग निकीला म्हणालो, पळ, घरात जा, आत जा.

तिने चहूकडे बघितलं.

"आबा, आत म्हंजी कुठं?"

बोट करून दाखवायला वळलो. सरीतून फरशी. झाडांखालून फरशी. जिकडं बघावं तिकडं — काच नाही, छप्पर नाही — सूरजची हाक येतेय, पण कुठल्या बाजूने — निकी, हात सोडू नको, मी आहे, मी —