काखेत तापवलेली बासरी

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा बासऱ्या बनवणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि बरीचशी आनंदात हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो माझ्या धाकट्या भावाला जरूर दाखवावा.

१. राहते घर भावाला. मागच्या दाराची कडी वर उचलून ओढावी. शिव्या देऊन उघडत नाही.

२. दुकान आणि हत्यारे भाचीला, म्हणजे त्याच्याच मुलीला. शेजारच्या प्लंबरला काही नाही. तो साक्षीदार आहे, आणि सही करणाऱ्याला वाटा मिळत नाही असे वकील म्हणतात.

३. आता भांडण. बासरीत गाते कोण, यावर आम्हा भावंडांची जुंपली. तो म्हणे, "शिसवी लाकूड गातं, ताई!" मी म्हणे, आतली हवा. फुंकर भोकाच्या धारेवर आपटते, घटकेत आत वळते, घटकेत बाहेर, आणि नळीतली हवा झुलू लागते. बोट उचलले की झुलणारी हवा आखूड होते, सूर चढतो. लाकूड नुसते घर; गाणारा भाडेकरू वेगळाच.

पैज लागली: न बघता, नुसत्या कानाने लाकूड कोणते ते त्याने ओळखायचे. प्लंबरच्या उरलेल्या पाइपाची मी बासरी केली आणि पडद्याआडून, पेटीच्या सुरावर, ती आणि एक शिसवी अशा दोन्ही वाजवल्या. पाइप ऐकून भावाच्या डोळ्यांत पाणी आले. शिसवी ऐकून म्हणाला, "ही उतरलीय. हाच तुझा पाइप!" मी पडदा सारला. तो तडक निघून गेला, त्याला बावीस वर्षे झाली.

४. कबुली. मी लबाडी केली. गार हवेत नाद हळू धावतो, म्हणून सूर उतरतो. त्या सकाळी शिसवी बासरी मी खिडकीत गार केली आणि पाइप तासभर काखेत धरून बसले! फुंकरीने शिसवी तापायच्या आत थांबलेसुद्धा. लिहिताना हसून हसून पेन हलते आहे. हवेचे माझे खरेच होते, पण जिंकले ते काखेने. बाळा, चुकले रे. तुझी फार आठवण येते.

५. दोन्ही बासऱ्या भावाला. हे सगळे मी गेल्यावरच त्याला कळावे. प्लंबरच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून ही लेखी ताकीद.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: पैजेनंतरच्या तेविसाव्या वर्षातला, एक थंड मंगळवार.

सही: बासरीवाली

साक्षीदार पहिला: प्लंबर (माफ करा, ताई. सांगून टाकलं.)

साक्षीदार दुसरा: ("डॉक्टर" खोडून, वेगळ्या अक्षरात) धाकटा भाऊ. घर नको मला, म्हणून सही करतोय. दोन्ही बासऱ्या मघापासून माझ्या दोन काखांत आहेत. ऊठ, पडदा लाव.