गुलाबी तीर्थ

१ जुलै
आले बाई एकदाची बंगळूरला! दोन बॅगा, एक कुकर आणि आईनं बळेच दिलेला मेतकुटाचा डबा एवढा संसार घेऊन नाशिकहून निघाले होते. बसवनगुडीत गच्चीवरची खोली मिळाली आहे. घरमालकीण सोयराबाई, पण सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, तेव्हा मीही अक्काच म्हणणार. घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपासून इथलंच. बोलतात मराठी, पण मध्येच ‘बरं’ऐवजी ‘सरी’ म्हणतात आणि थोडासा चहाही ‘स्वल्प’ म्हणून देतात. लिहितात-वाचतात मात्र फक्त कन्नड. नवरा चार वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला. आता त्या आणि अकरा वर्षांची लेक सौम्या, दोघीच.

सौम्या माझ्या दारासमोर गच्चीत दोरीवरच्या उड्या मारते. शाळेच्या स्पर्धेसाठी तिला पाचशे गाठायच्या आहेत. आज एका दमात दोनशे दहा झाल्या, मी मोजल्या.

४ जुलै
नोकरीचा पहिला आठवडा. आमच्या कारखान्यात कोबाल्टचे क्षार बनतात, काही चिनी मातीच्या निळ्या रंगासाठी, काही बॅटऱ्यांसाठी. माझी प्रयोगशाळा काचेआड. सुरक्षा अधिकारी हयवदन सर यांनी आज तासभर डोस पाजले. भुकटी छातीत गेली की दमा, पुढे फुप्फुसं निबर होतात. हाताला लागली की खाज. पोटात जात राहिली तर गळ्याची ग्रंथी फुगते, हृदय सैल पडतं, कान आणि डोळे जातात. म्हणून मास्क, हातमोजे आणि अधूनमधून लघवीची तपासणी. सर हे सगळं सहस्रनामासारखं एका सुरात म्हणतात. मी एम.एस्सी. झालेली, मला हे नवीन नाही. पण नव्या सुनेसारखी मान डोलावली.

९ जुलै
सौम्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. टाकून द्यायच्या नमुन्यांतली कोबाल्ट क्लोराइडची एक लहान बाटली मी पर्समधून घरी आणली. पांढऱ्या कापडाचं फूल शिवलं, चिमूटभर पूड विरघळवलेल्या पाण्यात बुडवलं, उन्हात वाळवलं. झालं निळंशार! कुकरच्या वाफेवर धरलं तर गुलाबी. पोरगी टाळ्या पिटत नाचली. अक्कांनी विचारलं, हे विष नाही ना? मी हसून म्हटलं, अहो अक्का, जीवनसत्त्वातसुद्धा कोबाल्ट असतो! त्यांना बरं वाटलं. मलाही, परक्या गावात कुणाच्या तरी घरचं झाल्यासारखं. बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे.

१८ जुलै
प्रदर्शनात दुसरा नंबर! फूल आता देवघरात अंबाबाईच्या डोक्यावर आहे. सकाळी अभिषेकानंतर गुलाबी, दुपारी निळं. हवेतल्या ओलाव्याचं शास्त्र मी अक्कांना दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, मग देवी हवेतूनच बोलत असेल की गं.

रोज निघताना ओंजळभर तीर्थ घ्यावंच लागतं. कुंकवानं गुलाबी झालेलं असतं आणि तांब्याच्या लोटीमुळे जिभेला जरा धातूची चव राहते. उरलेलं तीर्थ फेकायचं नसतं, म्हणून लोटी रिकामी करण्याचा मान सौम्याचा.

२ ऑगस्ट
श्रावण. फूल पाहायला गल्लीतल्या बायका येतात. अक्का मला ‘आमची शलाका’ म्हणतात. रोजच्या अभिषेकानं कापड एव्हाना पांढरं पडायला हवं होतं, पण रंग पहिल्यासारखाच. माझा हात चांगला बसला म्हणायचा.

सौम्याचे गाल लालबुंद झालेत. अक्का म्हणतात, देवीचं तेज आहे. तिच्या बोटांना मात्र खाज सुटते. आज एकशे वीस उड्या मारून ती मध्येच खाली बसली. सर्दी झाली असेल.

१४ ऑगस्ट
तीन दिवस जेवण जात नाही. कानात सारखं थपथप वाजतं, गच्चीवर दोरी आपटावी तसं. बाहेर येऊन पाहिलं तर गच्ची मोकळी.

सौम्याच्या गणवेशाचं गळ्याचं बटण लागत नाही. आज उड्या चाळीस. की मलाच पुढच्या ऐकू आल्या नाहीत?

१९ ऑगस्ट
हयवदन सरांनी बोलावलं. माझ्या लघवीत कोबाल्ट, आणि तोही पोती भरणाऱ्या माणसांपेक्षा जास्त! मास्क कुठे काढता, असं त्यांनी विचारलं. मी कुठेच काढत नाही. मी चिडले, तावातावानं बोलले. त्यांनी एकच सांगितलं, कारखान्यात नसेल तर घरी शोधा. म्हणे घरी!

२१ ऑगस्ट
बाटली जवळपास रिकामी आहे.

सौम्याला विचारलं, तर रडायलाच लागली. फूल पांढरं पडलं तेव्हा अम्मा फार रडली होती. देवी रुसली, आता आपल्या घरात आणखी काहीतरी होणार, असं म्हणाली. म्हणून ही रोज संध्याकाळी माझ्या कपाटातून बाटली घ्यायची आणि चिमूटभर गुलाबी पूड ओल्या फुलावर चोळायची. उघड्या हातानं. सकाळी अभिषेकाचं पाणी त्याच फुलावरून लोटीत.

कुंकू नव्हतं ते. मी महिनाभर रोज प्यायले आणि मला, कोबाल्टची परीक्षा करणारीला, कळलं नाही. दिव्याखाली अंधार. आणि लोटी रोज सौम्यानं संपवली.

सांगायला हवं. पण बाटली मी चोरून आणली होती. कळलं तर नोकरी गेलीच. आणि अक्कांना कुठल्या तोंडानं सांगू?

फूल आणि बाटली दोन्ही उचलून कारखान्याच्या कचऱ्यात टाकली. आता पोटात जाणं थांबेल, पोर आपोआप बरी होईल. सुंठीवाचून खोकला गेला.

२३ ऑगस्ट
सौम्या जिन्यात कोसळली. दवाखान्यात ठेवलंय. हृदय मोठं झालंय म्हणतात. वडिलांची हकीकत ऐकून डॉक्टर म्हणाले, घराण्यातच असेल. मी शेजारीच उभी होते. एक शब्द बोलायचा होता, कोबाल्ट. बोलले नाही. मला माझी किळस येते.

अक्कांना वाटतं, फूल गेलं म्हणून हे झालं.

२५ ऑगस्ट
अक्का आंघोळीला घरी आल्या. फ्रिजमधून तीर्थाची दुसरी बाटली काढली. श्रावणातल्या शुक्रवारचं तीर्थ त्यांनी साठवून ठेवलंय. लेकीला तासातासाला चमचाभर देतायत. कालपासून.

गुलाबी.

मागे धावले तर चार पायऱ्यांत दम लागला. रिक्षा निघून गेली. सरांना मेसेज लिहिला — सगळं, बाटलीसकट. पुसला. उद्या नक्की.

२६ ऑगस्ट
सांगितलं. अक्कांचे हात धरून सांगितलं. ओरडले असेन, माझाच आवाज मला ऐकू येत नाही. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. ओठांवरून कळलं तेवढं — अगं, तूच म्हणालीस ना — जीवनसत्त्वात असतं म्हणून — तापात बरळतेस —

बाटली पदरात गुंडाळून गेल्या.

२७ ऑगस्ट, सकाळ
सरांना मेसेज गेला. दोन दिवस उशिरा. अजून वाचलेला दिसत नाही. मीच दवाखान्यात जाते. उभं राहवत नाही, पण जाते.

वही बरोबर घेतलीय. ज्याला सापडेल त्यानं डॉक्टरांना द्यावी. अक्कांना हे वाचता येत नाही. सौम्याच्या रक्तात कोबाल्ट तपासा. गुलाबी पाण्याची बाटली काढून घ्या. चूक माझी. शलाकाची.

जिन्यात बसलेय. सहा पायऱ्या झाल्या. आठ राहिल्या.

वर दोरी वाजतेय. एक. दोन. तीन. गच्चीवर कुणी नाही. माहीत आहे. तरी मोजते. अकरा. बारा —

थांबली.

खाली दार उघडलं. अक्का. एकट्याच. इतक्या लवकर कशा —

वर येतायत. हातात तीच बाटली. तळाशी अजून थोडं —

सौम्या कशी आहे? विचारलं मी. अक्का रडत नाहीत. शेजारी बसल्या. माझी मान मांडीवर घेतायत. ओठ हलतायत —

तिला आता नको —

उरलेलं फेकायचं नसतं — तू घे, स्वल्पच आहे —