कासवाची तक्रार

प्रिय काडी,

(आता तू काडी राहिलेली नाहीस हे पुस्तकामागच्या फोटोत दिसलं, पण बत्तीस वर्षांनी नवीन नाव कुठून आणू?) तुझी तब्येत उत्तम असणारच, तिसरी आवृत्ती निघालेल्या माणसाची सहसा बिघडत नाही. इकडे मी बरी आहे, आईचे गुडघे बरे नाहीत, आणि बाबांचं दुकान मी चालवते. हल्ली लोक घड्याळं दुरुस्त करायला कमी आणि त्यांच्याविषयी हळवं बोलायला जास्त येतात.

पुस्तक मिळालं. पहिल्या पानावर लिहिलंयस, 'तुला तरी आठवतं का गं, ते दीड तास गेले कुठे? पुढच्या भागासाठी हवंय.' बत्तीस वर्षांत तुझ्याकडून आलेली ही पहिली ओळ, आणि तीही कामाची. असो.

मुलांची कादंबरी म्हणून मी ती काम करता करताच वाचायला घेतली. त्यापायी दातांच्या डॉक्टरांचं भिंतीवरचं घड्याळ मी तासभर पुढे लावून दिलं आणि त्यांनी एका वेळेवर आलेल्या माणसाला उशीर झाला म्हणून सुजल्या गालासह परत पाठवलं. तो तसाच गाल धरून माझ्याकडे भांडायला आला. त्याला बोलता येत नव्हतं, तेवढंच माझं नशीब.

तर तुझ्या गोष्टीत एक हुशार, उंच, धाडसी मुलगी आहे (ही कोण ते ओळखलं), आणि तिची जिवलग मैत्रीण म्हणजे एक कासव. हे कासव घड्याळाच्या दुकानात टेबलाखाली राहतं आणि एकशे चाळीस पानांत 'सावकाश' एवढा एकच शब्द बोलतं. आईने भिंग लावून दोन दिवसांत सगळं वाचलं, मग म्हणाली, 'कासव छान जमलंय. पाय तर अगदी तुझेच.'

पण माझं राहू दे. बाबांचं काय केलंस? पांढऱ्या दाढीचा घड्याळजी, जो मुलांचा वेळ चोरून बरणीत भरून ठेवतो. काडी, बाबा रोज सकाळी दाढी करायचे. आणि त्यांच्या बरणीत स्क्रू असायचे. ती तूच एकदा सांडलीस आणि आपण तिघं अख्खी दुपार ओणवे होऊन ते वेचत होतो. ते रागावले होते का? तो प्रसंग मी पुस्तकात पुष्कळ शोधला.

ते दीड तास गेले त्या दिवसाचं तुला आठवतं ते एवढंच असणार. वसतिगृहाच्या शाळेची निवड परीक्षा होती. बाराची बस दुकानासमोरून सुटायची, म्हणून तुझ्या आईने तुला दहालाच आमच्याकडे आणून सोडलं. बाबा बाहेर कामाला गेले होते. तू मागच्या खोलीत वाचत बसलीस. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन पाहतेस, तर अर्धं पुस्तक संपलेलं आणि दुकानातल्या तेवीसच्या तेवीस घड्याळांत जेमतेम सव्वादहा. तू खूश होऊन पुन्हा आत गेलीस. बाबा परतले तेव्हा त्यांच्या मनगटावर साडेबारा होते आणि भिंतीवर अकरा. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं, आणि तेवीस विरुद्ध एक असं बहुमत मानून हातातलं घड्याळ मुकाट्याने मागे घेतलं. मग तू भर उन्हात जाऊन, केव्हाच निघून गेलेल्या बसची वाट पाहत उभी राहिलीस.

संध्याकाळी तुझ्या वडिलांनी बाबांना रस्त्यात गाठून आंधळा घड्याळजी म्हटलं. बाबा म्हणाले, 'चूक माझी.' दुसऱ्या दिवशी त्यांनी 'येथे अचूक वेळ मिळेल' ही पाटी उतरवली. खिळ्यांची भोकं अजून आहेत. तू मात्र वेळच हरवला असं सगळ्यांना शपथेवर सांगत राहिलीस. पुढच्या वर्षी परीक्षा देऊन गेलीसच, दर आठवड्याला पत्र लिहीन म्हणून. (टपालखात्याला मी दोष देत नाही.)

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. टेबलावर काम पडलंय.

तुझी,
टेबलाखालची

ता. क. : आठवतं. काटे मी मागे केले होते. स्टुलावर चढून, एकेक करून, तेवीस. जाड पुस्तक दिलं तेही त्यासाठीच. तू वाचायला बसलीस की तुला हाक ऐकू येत नाही. दीड तास चोरले, त्यात मला तू एक वर्ष मिळालीस. त्यानंतर मी काही चोरलेलं नाही.

आणखी एक ता. क. : आईला हे काल पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, 'त्यांना माहीत होतं. तेवीस घड्याळं एकदम तेवढीच मागे पडत नाहीत, हे न कळायला ते काय दातांचे डॉक्टर होते?' म्हणजे बस तर निघून गेली होती, वाचवण्यासारखी उरली होती ती मीच. मला ते कधी काही बोलले नाहीत. पाटी पुन्हा लावू या का, असं मी दरवर्षी विचारायचे.

शेवटचा ता. क. : यावर तू बोलायचं सोडलंस तर मला सवय आहे. दाढी राहू दे. मीही कासवच बरी. पुढच्या भागात फक्त ती बरणी त्यांच्या हातातून काढ आणि टेबलाखाली ठेव.