बाबांचे डोळे कुणाकडे

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला बाबांचा काचबिंदू निघाल्याचं वाचून वाईट वाटलं, नवल नाही वाटलं. बाबांचं नाक तुला, उंची तुला, पुस्तकबांधणीचं दुकान तुला. मग आजार तरी दुसरीकडे कसा जाईल? आई रोज तुझ्या डोळ्यांत थेंब घालते म्हणे. मला गोवर आला तेव्हा ती तुझं नाटक बघायला गेली होती.

मीही तपासून घ्यावं म्हणतेस. लहानपणी तुझे उतरलेले फ्रॉक वापरले, आता आजारही वापरू? मोटार शिकवून पोट भरते मी, नजर शाबूत आहे. परवा डावीकडून दुधाची गाडी घासली, ती चूक तिच्या ड्रायव्हरची. कुठून उगवला कोण जाणे.

सगळ्यांचा लोभ तुझ्यावर आहेच. उरला तर इकडे पाठव.

तुझी धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझंच बरोबर. हा आजार रक्तातून येतो आणि माझ्यातलं बाबांचं रक्त नाकावरूनच दिसतं. तू पडलीस आईच्या वळणाची. बाबाही दाराला खांदा आपटून चौकटीलाच शिव्या द्यायचे, पण तुझी गोष्ट वेगळी. तू तपासणीच्या भानगडीत पडू नकोस. आईही म्हणाली, धाकटीचा यात काय संबंध!

राग धर, पण पत्र धाडत जा.

तुझी ताई

४ मे

ताईस,
नमस्कार राहू दे.

संबंध नाही काय? पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तपासणीला गेले. डोळ्यांतला दाब तुझ्यापेक्षा जास्त निघाला! डॉक्टरीणबाईंना ऐटीत सांगितलं, मीही बाबांचीच. रक्ताचा अहवाल यायला वेळ लागला. तुझ्यात सापडला तोच जनुकातला बिघाड माझ्यात. बाई हसून म्हणाल्या, नाकाचा नि याचा काडीचा संबंध नाही. तुमच्या घरातल्या प्रकारात प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, ताईंना ठाऊक असणारच. डावीकडची थोडी नजर गेली ती गेली; उरलेली थेंबांनी टिकेल. आणखी थांबले असते तर गाडी सुटली असती हातातून.

म्हणजे मला बनवलंस, तेही आईला सामील करून. आजवर तुझ्या नाकाचा, उंचीचा हेवा करत आले. आता लबाडीचाही करावा लागणार.

माझी लेक तपासून घ्यायला तयार नाही. म्हणते, मी तुझ्यासारखी नाहीच मुळी. तिला एक पत्र लिही. असलं खोटं मला जमत नाही, तेही तुलाच आलं.

जळणारी पण तुझीच,
धाकटी