आबांचं घर जसंच्या तसं

सोलापूर, आषाढ वद्य दशमी, शके १८५५

तीर्थस्वरूप सौभाग्यवती केराअक्का हिच्या पायांवर धाकटा भाऊ श्रीमंत डोके ठेवतो. आम्ही सगळी धडधाकट आहोत. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. (पत्र वाचून दाखवणाऱ्या दाजींनाही नमस्कार. मजकूर लांब आहे, तेव्हा पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसावे.)

गेल्या पंचमीला माहेरी आलीस तेव्हा तू मला आबांच्या घोंगडीवर हात ठेवायला लावून वदवून घेतलेस, की घर दुरुस्त कर पण त्याचे मूळ रूप बदलू नकोस. मंगलोरी कौले नकोत, दार उंच नको, खिडकी तर नकोच. मी शब्द दिला. माझी बायको बनाबाई त्या वेळी चुलीपाशी खोकत होती, त्यामुळे तिचे मत घ्यायचे राहून गेले.

चैत्रात गुंडा गवंडी आणला. त्याने घराला तीन फेऱ्या घातल्या, भिंतीवर टिचकी मारली, एक ढेकूळ खाली पडले ते उचलून अदबीने पुन्हा जागेवर ठेवले आणि म्हणाला, "घर लई जुनं हाय. हात लावला न्हाय तर टिकंल." मी म्हटले, माझ्या बहिणीचेही हेच म्हणणे आहे, फक्त हात न लावता दुरुस्ती करायची आहे.

आधी छतावरच्या माळवदाची माती उतरवली. मधली तुळई वाळवीने आतून इतकी खाल्ली होती की केवळ सवयीने जागेवर होती. नवी सागवानी आणली, तर ती सरळ निघाली. जुनी मध्यावर वाकलेली, आणि इतकी वर्षे तिच्या संगतीत राहून भिंतीही वाकलेल्या. गुंडा म्हणू लागला भिंती सरळ करू. मी म्हटले, मग मूळ रूप कुठे राहिले? शेवटी सुताराला बसवून सरळ तुळई तासून वाकडी करून घेतली. (तो दिवसभर तासता तासता माझ्याकडे बघत होता.)

एवढ्यात पेठेतले एक निवृत्त मास्तर, जे हल्ली इतिहासाचे संशोधन करतात, काम पाहायला आले. चुलीमागच्या भिंतीतले भोक पाहताच ते सद्गदित झाले. म्हणाले, ही आदिलशाहीतली जंगी, इथून शत्रूवर बंदूक रोखीत. अक्का, तुला ठाऊकच आहे की मी नऊ वर्षांचा असताना आपल्या एडक्याने टक्कर मारून ते भोक पाडले. मी तसे सांगितले. मास्तरांनी पुरावा मागितला. एडका आपण त्याच साली खाल्लेला, तो आणणार कुठून? भोक बुजवू नका अशी ताकीद देऊन ते मला चहाला घेऊन गेले. त्यांचा नवा बंगला मंगलोरी कौलांचा आहे. विजेच्या पंख्याखाली बसून त्यांनी जुन्या घरांचे गुण तासभर सांगितले. इकडे भोकातून वारा येऊन चूल विझायची. बनाबाई एवढेच म्हणाली, "मास्तरांना म्हणावं, हितं येऊन एक भाकरी भाजून दावा." त्या दिवशी आम्ही चुरमुरे खाल्ले.

तरी मी ढळलो नाही. घर जसेच्या तसे आहे. तू खुशाल डोळे मिटून विश्वास ठेव.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
श्रीमंत

ता. क. दाजी, इथून पुढे मनातल्या मनात वाचा. अक्काने विचारले तर लेकरांचे दंडवत लिहिलेत म्हणून सांगा. घर जसेच्या तसे नाही. वाकडी तुळई चढवताना उगवतीची भिंत बसली आणि तिच्यामागून आणखी दोन. बनाबाई घटकाभर आधीच पाण्याला गेली होती. ती रोज बसते तिथे कमरेएवढी माती पाहिली. मी गुंडाला म्हटले, आता तिला पाहिजे तसे बांध. म्हणून दार उंच झाले, खिडक्या दोन झाल्या, वर मंगलोरी कौले आली. मास्तरांची भोकाची भिंत तेवढी शाबूत आहे. गुंडा सध्या नव्या भिंतींना गोवऱ्यांचा धूर देतो आहे. जुनेपणा चढायला तीन आठवडे लागतील म्हणतो. तोवर अक्काला पंचमीला पाठवू नका, गुडघ्यांचे निमित्त सांगा. कौलांना काय करावे ते सुचत नाही. तिला मान वर करून बघायची सवय नाही ना?

पुन्हा ता. क. पत्र टपालात टाकायला निघालो तर दारात अक्का. तुम्ही तिला आठ दिवस आधीच मोटारीत बसवून दिलेत, हे कळवायला हवे होते. तिने सगळे घर फिरून पाहिले, कौलेही पाहिली. मग खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "मला वाटलं, तू दुरुस्तीचं नाव सांगून जागा विकशील, म्हणून शब्द घेतला. मग मी पंचमीला कुटं आले असते?" बनाबाईने तिच्यापुढे गरम भाकरी ठेवली.

जेवल्यावर अक्काने गुंडाला बोलावून घेतले. तिच्या सांगण्याप्रमाणे तुमच्या स्वयंपाकघरातही ती वीस वर्षे खोकते आहे आणि खिडकीचे नाव काढले की तुम्ही वडिलांच्या घराचे मूळ रूप पुढे करता. तरी कळविण्यास खेद होतो, गुंडा पहार घेऊन उद्याच्या मोटारीने मंगळवेढ्याला तुमच्या घरी निघत आहे. आपण चुलीच्या भिंतीपासून जरा लांब बसावे.