पिवळ्या अक्षरांतला नंबर

सोमवार, ९ मार्च

सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. हीच ती वेळ. त्याआधी मी एक माणूस होतो, आता दुसराच कोणीतरी आहे.

हातात केक होता. त्यावर क्रीमनं लिहून घेतलेलं — 'दहा लाख'. नेत्रपेढीचं काचेचं दार मी पाठीनं ढकललं आणि आत शिरताशिरता ओरडलो, "झाले! दहा लाख लोकांनी आपला व्हिडिओ पाहिला!"

ती, तिथले फोन सांभाळणारी, टेबलामागे उभी होती. केस विस्कटलेले, एका कानाशी एक फोन, दुसऱ्या हातात दुसरा. समोर पन्नाशीचा एक माणूस. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. त्यानं केककडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "कोणाचा वाढदिवस?"

तिच्या हातातला फोन तेवढा वाजत होता. थांबला की परत वाजत होता.

त्याचे वडील पहाटे चारला गेले. निवृत्त मास्तर. 'मी गेलो की डोळे द्या' म्हणत वीस वर्षं पाकिटात कार्ड घेऊन फिरले. मुलानं कार्डावरचा नंबर लावला. लागेना. त्रेचाळीस वेळा लावला! शेवटी वडिलांना घरी तसंच ठेवून मिळेल त्या गाडीनं स्वतः आला. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. सहा तास वीस मिनिटं झाली होती, आणि घर गावाबाहेर.

"सारखं बिझी लागत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, आज खूप लोक देतायत."

आणि गेला. दार हळूच लावून गेला, आवाज न करता.

मग ती माझ्याकडे वळली. "व्हिडिओवर नंबर कुठला टाकलायस?"

मंगळवार, १० मार्च

झोप नाही. लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

तिथे दोन नंबर आहेत. एक चौकशीचा — फॉर्म कुठे मिळतो, तपासणी कधी असते वगैरे. दुसरा तिच्याकडे असतो. कोणी गेलं की घरचे त्या नंबरवर फोन करतात आणि माणसं पेटी घेऊन पळत सुटतात. म्हणून ऑफिसात त्याला 'धावता फोन' म्हणतात. कार्डावर तोच छापलाय. तो अडवायचा नाही. कधीच नाही.

मला तो नंबर पाठ आहे. मागच्या वर्षी मावशीचा डोळा दाखवायला तिथे गेलो होतो तेव्हा तिनंच दिला होता. "ही एकच वेळ हं, परत यावर करायचा नाही." परत केला नाही. पण रोज मनात लावायचो. अंघोळ करताना लावायचो, गाडी पुसताना लावायचो. कॉलेजातलं एक सूत्र कधी डोक्यात राहिलं नाही — परीक्षेत पेपर भिरकावून बाहेर पडलो तो पडलोच — पण हे दहा आकडे!

व्हिडिओच्या शेवटी नंबर टाकायचा होता. बोटांनी हाच टाकला. मी बघितलंही नाही. पिवळ्या अक्षरांत, हे एवढे मोठे.

आणि याहून वाईट म्हणजे — तिचे मला अकरा मिस्डकॉल होते. सकाळी सहापासून. मी बघत होतो. हसत होतो! वाटलं, आता कशी स्वतःहून करतेय. उचलला नाही. म्हटलं, केक घेऊनच जाऊ, तोंड बघू तिचं.

बघितलं.

बुधवार, ११ मार्च

व्हिडिओ काढून टाकला. काय उपयोग! लोकांनी उतरवून घेतलाय, पुढे पाठवलाय, त्यावर गाणी चढवलीत. नंबर तस्साच.

मी काम करतो त्या स्टुडिओचा मालक म्हणतो, "येडा आहेस का? काढलास कशाला? नंबर पुसून परत टाक. आयुष्यात एकदा असं चालतं." मी कॅमेऱ्याचा स्टँड लाथाडला. आता तीन पायांपैकी एक वाकडा आहे आणि मालक माझ्याशी बोलत नाही.

गुरुवार, १२ मार्च

कल्पना माझीच होती हे इथे तरी कबूल करतो. 'एक मिनिट अंधार'. डोळ्यांना पट्टी बांधायची आणि आपल्याच घरात पलंगापासून दारापर्यंत चालत जायचं. नेत्रदानासाठी! म्हणजे म्हणायला नेत्रदानासाठी. खरं तर ती एकदा म्हणाली होती, "आमची पोस्टरं कोणी वाचत नाही रे." ते 'रे' माझ्या डोक्यात बसलं.

लोकांनी आपापले तुकडे पाठवले, मी जोडले. आजोबा कपाटात शिरतात. एक बाई नवऱ्याऐवजी शेजाऱ्याचा हात धरते. आणि ती सतराअठरा वर्षांची मुलगी — मधे भावानं बादली ठेवलेली — धडाम! बादलीसकट, पाण्यासकट, आणि पट्टी न काढताच खदखदा हसत बसलेली. तिचं पडणं मी तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा हळू करून, ढोलाचा आवाज टाकून. दहा लाखांपैकी निम्मे तिच्याचमुळे. स्टुडिओत आम्ही तिला 'बादली' म्हणायचो. रविवारी एका नटीनं तोच तुकडा पुढे पाठवला आणि रात्रीत आग लागली.

शनिवार, १४ मार्च

गेलो तिच्याकडे. माफी मागायला गेलो आणि भांडून आलो. माझं हे असंच.

मी म्हटलं, "अकरा हजार लोकांनी फॉर्म भरले. अकरा हजार! ते काहीच नाही?"

"फॉर्म भरणारा स्वतः मेलेला असतो रे तेव्हा. तो फोन करतो का? घरचे करतात. रडतरडत करतात. आणि शंभरातल्या नव्व्याण्णव घरांना तेव्हा आठवतच नाही."

"मग तुमची पोस्टरं तरी काय दिवे लावतात?"

"पोस्टरानं फोन तरी अडला नाही कधी."

मी म्हटलं, "मी हे तुझ्यासाठी केलं."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणूनच तर."

म्हणूनच तर काय? मी दार आपटून आलो. आता दार आपटल्याची लाज वाटतेय. तो माणूस कसं लावून गेला होता.

रविवार, १५ मार्च

आज लिहिण्यासारखं काही नाही. सकाळपासून हात चालत नाहीत.

सोमवार, १६ मार्च

खोटं लिहिलं. काल लिहिण्यासारखं होतं. लिहवत नव्हतं.

मावशी शिवणकाम करते. माझं जेवणखाण, झोपणं, भांडणं सगळं तिच्याकडेच. तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलंय, बुबुळ पांढरं झालंय. आता डावाही अंधुक व्हायला लागलाय. हल्ली सुईत दोरा मीच ओवून देतो. रोज सकाळी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, मग कामावर जायचं.

काल दारामागे पिशवी दिसली. आत टॉवेल, गाऊन, तपासणीचे कागद.

"मावशे, कुठे निघालीस?"

"कुठे नाही रे. ठेवलीये आपली भरून."

"कधीपासून?"

मशीन चालवत राहिली. मी पिशवी उचलून तिच्यासमोर ठेवली तेव्हा म्हणाली, "सात तारखेलाच फोन आला होता हॉस्पिटलातून. डोळा मिळायच्या यादीत आता तुमचाच पहिला नंबर, पिशवी भरून ठेवा म्हणाले. कधीही बोलावतील."

सात तारीख. शनिवार. मास्तर गेले सोमवारी.

मी विचारलं, "मास्तरांचं तुला माहीत होतं?"

"तू झोपेत बडबडतोस. दुसऱ्या रात्रीच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस!"

"बोलले असते तर तू जेवला असतास का?" आणि मग, मान वर न करता, "तसाही तू जेवत नाहीसच. पण निदान ताटावर बसतोस."

मी खाली बसलो. फरशीवरच. तिनं उशी माझ्यापुढे सरकवली. "बसलायस तर चार ओवून दे. निळा दोरा."

बुधवार, १८ मार्च

हे असलं तोंड घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. नेत्रपेढीच्या मुख्य त्याच. वाटलं, पोलिसात देतील. द्या म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला. "पोलिसांना फोन उचलता येईल का आमचा? नाही ना? मग तू उचल."

म्हटलं, नंबर बंदच का नाही करत? म्हणाल्या, "वीस वर्षं ते कार्ड वाटतोय. लोकांच्या कपाटात आहे, देवघरात आहे. त्या मास्तरांसारखे किती असतील! हॉस्पिटलांना नवा नंबर दिला. पण जुना जिवंत ठेवावाच लागेल. रोज तीनशे जण हसायला फोन करतात. त्यांतला एक खरा असू शकतो. तो ओळखायचा. तुझं कॉलेज नाही, म्हणजे वेळ आहेच."

धावता फोन माझ्या हातात दिला. तिनं नाही, डॉक्टरबाईंनी. ती टाचणीनं एक कागद भिंतीवर लावत होती. चार ओळी.

पंखा बंद करा. पापण्या मिटवा. वर ओला स्वच्छ कापूस ठेवा. डोक्याखाली उशी द्या.

"हे फोनवर सांगायचं," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "सावकाश. माणसं ऐकत नसतात तेव्हा, म्हणून दोनदा."

शनिवार, २१ मार्च

दोनशे बासष्ट फोन. "आमचा व्हिडिओ कधी दाखवणार?" "तुम्ही खरेच का?" "ए, बादलीवालीचा नंबर दे ना!" एकाला शिव्या घातल्या. तिनं लांबूनच बोट हलवलं — नाही. मग पुढच्याला "नमस्कार, नेत्रपेढी" म्हटलं. माझ्याच तोंडून! मालकानं ऐकलं असतं तर मेला असता हसून.

खरा — एकही नाही.

मंगळवार, २४ मार्च

एकशे नव्वद.

एका म्हातारीचा आला. खरा वाटला. म्हणाली, "बाळा, मी अजून मेले नाहीये. नंबर चालू आहे ना एवढंच बघितलं."

हसलो. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. टेबलामागे ती पण हसली, मग आठवल्यासारखी कामाला लागली.

गुरुवार, २६ मार्च

अकरा हजार फॉर्म आणि खरा फोन शून्य. आता तर मीच म्हणतो, ती बरोबर होती. लोक नाचले, हसले, पुढे गेले. दुपारच्या पाळीला फोन घरी आणायला परवानगी मिळाली. मावशी कापड कापते, मी 'नमस्कार' म्हणतो. तिचा डावा डोळा आणखी अंधुक झालाय. दोरा ओवून दिला तरी कापडावर सुई कुठे टोचायची ते बोटानं चाचपते. पिशवी दारामागेच आहे.

शनिवार, २८ मार्च

दुपारी अडीच. मावशी माझ्या चपला शोधतेय तेवढ्यात लिहितोय.

एका माणसाचा फोन. "ते डोळे बांधायचं... तुमच्या व्हिडिओत आमची मुलगी आहे. बादलीवर पडते ती." मी नेहमीसारखा तोडणार होतो. "जन्मापासून हृदय अशक्त तिचं. बाहेर जाता यायचं नाही म्हणून घरातच केलं होतं ते. त्या दिवशीच तिनं डोळे द्यायचं सांगून ठेवलं होतं आम्हाला. चांगलं बजावून. आज दीड वाजता गेली. तुम्ही येता का?"

पंखा, पापण्या, कापूस, उशी. दोनदा सांगितलं. माझा आवाज कुठून येत होता कोण जाणे.

नेत्रपेढीत तिला कळवलं. गाडी निघालीये, चाळीस मिनिटं लागतील. पत्ता आमच्यापासून दोन गल्ल्यांवर! "तू जा," ती म्हणाली. "आईबाप दोघंच असतील. कापूस नीट बसव, फक्त. बाकी काही बोलू नकोस. आणि ऐक — मी येतेय."

मावशीनं कपाटातून कोरा कापूस काढून दिला. कोणासाठी ते विचारलं नाही. पिशवीकडे बघितलंही नाही. स्वतःच्या डोक्यावरचा पंखा मात्र उठून बंद केला.

तीनदा पाडलं मी तिला. ढोल वाजवून.

निघतो. दार हळूच लावायचं.