कमलम्मांची रेकॉर्ड

लातूर, ४ एप्रिल १९८३

ती. अक्कास,
ईश्वरप्पाचा शरणार्थ.

जिल्हा झाल्यापासून लातुरात खोली मिळेना, आणि नळ तर चार दिवसांनी एकदा येतो. बाकी क्षेम. वरच्या खोलीत उदगीरच्या कमलम्मा राहायला आल्यात. नव्या कलेक्टर कचेरीत आहेत. चाळिशीच्या, अविवाहित. (हे शेवटचं खोडावं का, असा विचार केला, पण राहू दिलं.)

त्यांच्याकडे दहा वर्षांपूर्वीची एक विलायती जॅझ-रॉकची रेकॉर्ड आहे, पण प्लेअर नाही. तो माझ्याकडे. महिनाभर रोज संध्याकाळी मी दार उघडं टाकून ती लावली, त्या जिन्यात बसून ऐकत. विजेवरचा पियानो लाडात आल्यासारखा डुलतो आणि व्हायब्राफोन म्हणजे चांदीच्या वाट्यांवरून कुणी अनवाणी पळावं तसा. ड्रम सुरू झाले की माझी मान हलते. इतिहासाच्या प्राध्यापकाला शोभत नाही, पण हलते.

अक्का, त्यांना लग्नाचं विचारावं असं वाटतं. पण त्यांची वस्तू घरात ठेवून विचारणं म्हणजे त्यांना भिडेत टाकणं. म्हणून काल रेकॉर्ड पुसून परत केली. आज नळावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. काय चुकलं, ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ईश्वरप्पा


नांदेड, ८ एप्रिल

चि. ईश्वरप्पास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे दाजी आणि मी इतके हसलो की शेजारच्या सुलतानबी काय झालं म्हणून विचारायला आल्या. मग त्याही हसल्या. अरे शहाण्या, रेकॉर्ड तुझ्याकडे होती म्हणून तिला खाली यायला निमित्त होतं. तू निमित्तच परत केलंस! आणि तेही रिकाम्या हातानं. आपल्यात शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घातल्याशिवाय परत जात नाही. तिला वाटलं असेल, यानं संबंध मिटवला. सुलतानबी म्हणतात, भाईजान लई शिकले, तिथंच बिघडलं.

आता काहीतरी घेऊन जा आणि तोंड उघड. तिची बदली झाली तर जिन्याला धरून रडशील. अक्कल सोडून बाकी सगळं जपतोस तू.

तुझी,
उमाअक्का


लातूर, १४ एप्रिल

ती. अक्कास शरणार्थ.

काय न्यावं, ठरेना. पेढे नेले तर होकार गृहीत धरल्यासारखं, फुलं नेली तर सिनेमासारखं. काल नळ आला. मी माझ्या दोन्ही घागरी भरल्या आणि अख्ख्या गल्लीदेखत, पँट भिजवत, त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या. खालच्या दुकानातून खाजा टेलर ओरडले की सर, तुमच्या अंघोळीचं काय.

कमलम्मांनी विचारलं, हे पाणी रेकॉर्डबद्दल का. खोटं कसं बोलावं? एक घागर रेकॉर्डबद्दल आणि दुसरी लग्नाचं विचारायला, असं सांगून टाकलं. त्या दाराला टेकून हसत सुटल्या. मग पहिली घागर उचलून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, रेकॉर्डचं काही देणं लागत नाही, ही परत न्या.

दुसरी त्यांनी आत नेली.

मी खाली पोचेपर्यंत निम्मं पाणी जिन्यात सांडलं होतं. अशा दुष्काळात हे बरं नव्हे, कळतं मला. दाजींना घेऊन लगेच निघ. भेटीत रागव, पत्रात नको.

तुझा,
ईश्वरप्पा